मुतखडा, ताप आणि रक्ताची साक्ष

मुतखड्याचें दुखणें आपल्या लोकांस नवीन नाहीं. सुश्रुतसंहितेंत त्यास 'अश्मरी' असें नांव दिलेलें असून मूत्राशयांतील खडा शस्त्रानें काढण्याची कृतिहि तींत वर्णिलेली आहे. दुखणें इतकें जुनें व परिचित असल्यामुळें मुतखडा म्हणजे केवळ वेदना, अशी समजूत घरोघर रूढ झाली आहे. कंबरेंत कळ उठली, रोगी गडबडां लोळला, कोणी कुळथाचें कढण दिलें, कोणी पानफुटीचीं पानें चावावयास सांगितलीं आणि खडा पडून गेला, म्हणजे गोष्ट संपली असें आपण मानतों. बहुतेक वेळां ती तशी संपतेहि. परंतु या खड्याच्या सोबतीनें कधीं कधीं एक दुसराच शत्रु शरीरांत शिरतो. आणि मग सकाळीं चालत बोलत असलेला मनुष्य रात्रीं मृत्यूच्या दारीं जाऊन पोंचतो. हा शत्रु कोणता, तो येणार हें आगाऊ ओळखण्यास रक्ताची परीक्षा कितपत उपयोगी पडते, आणि तिचा कौल केव्हां मानावा व केव्हां मानूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मूत्रपिंडांचें काम थोडक्यांत पाहूं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, शेवटच्या बरगड्यांच्या आड, घेवड्याच्या बीच्या आकाराचीं दोन मूत्रपिंडें असतात. प्रत्येकाची लांबी सुमारें १० ते १२ सेंटिमीटर असते. हीं दोन इंद्रियें मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळतात, त्यांपैकीं बहुतेक सर्व पुनः रक्तांत परत घेतात आणि अवघें दीड-दोन लिटर पाणी मूत्राच्या रूपानें बाहेर टाकतात. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत मूत्र वाहून नेणारी नळी सुमारें २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. पण तिची पोकळी मात्र केवळ ३-४ मिलिमीटरांची. मळ्यांतील पाटाच्या तोंडीं धोंडा अडकला म्हणजे मागें पाणी तुंबतें, त्याप्रमाणेंच तुरीच्या दाण्याएवढा खडा या नळींत अडकला असतां मागचें मूत्र तुंबतें व मूत्रपिंड फुगूं लागतें. जी कळ रोग्यास लोळवते ती या तुंबण्याची व फुगण्याची कळ होय.

वाहतें पाणी सहसा कुजत नाहीं. तुंबलेलें पाणी मात्र लवकर नासतें. शरीरांतहि असाच प्रकार घडतो. मूत्र मोकळेपणानें वाहत असलें म्हणजे मूत्रमार्गांत शिरलेले थोडेबहुत जंतु त्याबरोबर धुऊन जातात. वाट बंद झाली म्हणजे त्यांस राहावयास जागा, खावयास अन्न व वाढावयास वेळ, हीं तिन्हीं मिळतात. या जंतूंपैकीं सर्वांत नेहमीं आढळणारा जंतु म्हणजे आपल्या आंतड्यांत एरवीं निरुपद्रवीपणें राहणारा कोलाय जंतु. जर्मन-ऑस्ट्रियन बालवैद्य थिओडोर एशेरिख यांनीं १८८५ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें व त्यांचेंच नांव त्यास पुढें मिळालें. दुसरा प्रोटियस नांवाचा जंतु तर याहून चमत्कारिक आहे. तो मूत्रांतील युरियाचें विघटन करून अमोनिया उत्पन्न करतो. त्यामुळें मूत्र अल्कधर्मी होतें व मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा नवा खडा तयार होतो. म्हणजे खड्यामुळें जंतु व जंतूंमुळें खडा, असें हें दुष्टचक्र चालतें. शिवाय हे जंतु खड्याच्या पृष्ठभागावरच नव्हे, तर त्याच्या अंतर्भागांतहि दडून बसतात आणि तेथें औषधाचा शिरकाव होणें कठीण जातें.

आतां हे जंतु मूत्रपिंडांतून रक्तांत कसे येतात तें पाहूं. तुंबलेल्या मूत्राचा दाब वाढला म्हणजे तें मागच्या बाजूस, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म शिरांत व रसवाहिन्यांत झिरपूं लागतें. त्याबरोबर जंतु व त्यांचें विष रक्तांत उतरतें. कोलाय जातीच्या जंतूंचें विष त्यांच्या कवचांतच असतें व ते मेल्यावर मोकळें होतें. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें १८९२ सालीं पटकीच्या जंतूंवर प्रयोग करीत असतां हा प्रकार ओळखला व त्या विषास 'एण्डोटॉक्सिन', म्हणजे अंतर्विष, असें नांव दिलें.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. या आजारांत रोग्याचा घात जंतु एकटे करीत नाहींत. शरीराचा स्वतःचा प्रतिकारच बेताल होऊन शरीरावर उलटतो. गांवांत एक चोर शिरला म्हणून रखवालदारांनीं साऱ्या आळीस आग लावावी, तसें हें होतें. रक्तवाहिन्या सर्वत्र सैलावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरूं लागतें, रक्ताचा दाब उतरतो. आणि मेंदु, यकृत, फुप्फुसें, मूत्रपिंडें यांस प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो. संसर्गास शरीराकडून मिळालेल्या अशा बेताल प्रत्युत्तरानें इंद्रियें निकामी होऊं लागलीं म्हणजे त्या अवस्थेस 'सेप्सिस' म्हणावें, अशी व्याख्या २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें ठरविली. याच्याहि पुढची पायरी म्हणजे 'सेप्टिक शॉक'. शिरेवाटे पुरेसें पाणी देऊनहि रक्ताचा सरासरी दाब पाऱ्याच्या ६५ मिलिमीटरांवर ठेवण्यास रक्तवाहिन्या आंवळणारीं औषधें सतत द्यावीं लागतात, आणि तरीहि रक्तांतील लॅक्टेट दर लिटरास २ मिलिमोलांहून अधिक राहतें, ती ही अवस्था. या अवस्थेस पोंचलेल्या रोग्यांपैकीं रुग्णालयांत शेंकडा ४० हून अधिक दगावतात, असें त्याच तज्ज्ञांनीं नमूद केलें आहे.

यावरून प्रश्नाचें गांभीर्य लक्षांत येईल. एकाच दिवशीं, एकाच वयाचे दोन रोगी, दोघांसहि खडा व दोघांसहि थंडी वाजून ताप, अशा स्थितींत दवाखान्यांत आले, तर त्यांपैकीं एक दोन दिवसांत घरीं जातो व दुसरा मध्यरात्रीं शॉकमध्यें जातो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. यांतला दुसरा कोणता हें वैद्यास संध्याकाळींच कळलें, तर त्यास अतिदक्षता विभागांत ठेवून त्याच्यावर रात्रभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतां येईल. म्हणूनच रक्ताची साक्ष काढावयाची. या साक्षीदारांची आतां क्रमानें ओळख करून घेऊं.

पहिला साक्षीदार म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी. निरोगी प्रौढ मनुष्याच्या एका घन मिलिमीटर रक्तांत त्या साधारणपणें ४,००० ते ११,००० असतात. जंतूंचा हल्ला झाला कीं त्यांची संख्या वाढते, हें आपल्या विद्यार्थ्यांस शरीरशास्त्राच्या पुस्तकांतून ठाऊक आहेच. परंतु ती संख्या एकाएकीं घटली, तर तें लक्षण अधिकच वाईट. कारण फौज कामास येऊन मागें राखीव शिपाई उरले नाहींत, असा त्याचा अर्थ असूं शकतो. दुर्बिणीच्या साहाय्यानें खडा फोडून काढल्यावर पहिल्या दोन तासांतच पांढऱ्या पेशी फार उतरल्या, तर पुढें सेप्सिसचा धोका मोठा असतो, असें चीनमधील शस्त्रवैद्यांस आढळून आलें आहे.

दुसरा साक्षीदार 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन'. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस यांनीं १९३० सालीं न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत हें प्रथिन शोधून काढलें. न्यूमोनियाच्या जंतूंतील 'सी' नांवाच्या पदार्थाशीं त्याचा संयोग होतो म्हणून त्यास हें नांव पडलें. तें यकृतांत तयार होतें. निरोगी मनुष्यांत तें दर लिटरास १० मिलिग्रॅमांहून कमी असतें. मोठ्या जंतुसंसर्गांत १०० च्याहि वर चढतें. मात्र हा साक्षीदार थोडा मंद आहे. तो सहा-आठ तासांनीं बोलूं लागतो व त्याचा आवाज दुसऱ्या दिवशीं कोठें पूर्ण चढतो. शिवाय संधिवात, मार, शस्त्रक्रिया, कोणत्याहि दाहाच्या वेळीं तो ओरडतोच. तेव्हां दाह आहे एवढें तो सांगतो. तो कशामुळें आहे हें सांगत नाहीं.

तिसरा साक्षीदार 'प्रोकॅल्सिटोनिन'. एरवीं हा पदार्थ गळ्यांतील अवटु ग्रंथींत तयार होतो व तेथल्या तेथें त्याचें कॅल्सिटोनिन या संप्रेरकांत रूपांतर होतें. त्यामुळें निरोगी मनुष्याच्या रक्तांत तो नसल्यासारखाच, म्हणजे दर मिलिलिटरास ०.१ नॅनोग्रॅमाहून कमी असतो. परंतु जंतुसंसर्ग रक्तांत पसरला कीं शरीरांतील अनेक इंद्रियांच्या पेशी तो तयार करूं लागतात व त्याचें प्रमाण शेंकडों, प्रसंगीं हजारों पटींनीं वाढतें. फ्रान्समधील संशोधकांनीं १९९३ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध केली. विषाणूंच्या तापांत तो सहसा फारसा वाढत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. तो तीन-चार तासांत चढूं लागतो, आणि संसर्ग आटोक्यांत आला म्हणजे सुमारें दर चोवीस तासांनीं निम्मा होत जातो. त्यामुळें उपचार लागू पडत आहे कीं नाहीं हेंहि त्यावरून समजतें. मुतखड्याच्या संसर्गांत शॉकचें भाकीत करण्याच्या कामीं याची साक्ष विशेष उपयोगी ठरली आहे. तथापि मोठी जखम, भाजणें किंवा मोठी शस्त्रक्रिया यांनंतर संसर्ग नसतांहि तो वाढतो, आणि मूत्रपिंडें अधू असलेल्या रोग्यांत तो मुळांतच थोडा अधिक असतो, हें विसरतां कामा नये. याच वर्गांतील 'इंटरल्यूकिन-६' हा पदार्थ त्याच्याहि आधीं वाढतो. त्याचें जनुक जपानांतील ओसाका येथें हिरानो व किशिमोतो यांच्या प्रयोगशाळेंत १९८६ सालीं उलगडण्यांत आलें. परंतु त्याची परीक्षा सर्व ठिकाणीं सहज होत नाहीं.

चौथा व पांचवा हे दोन साक्षीदार साधेच आहेत. पण साधेपणामुळेंच आम्हांस ते अधिक महत्त्वाचे वाटतात. रक्त गोठविणाऱ्या ज्या सूक्ष्म चकत्यांस आज सर्वत्र प्लेटलेट म्हणतात, त्या एका घन मिलिमीटरांत दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. डेंग्यूच्या तापामुळें हा शब्द आतां खेड्यापाड्यांतहि पोंचला आहे. सेप्सिसमध्यें बारीक रक्तवाहिन्यांतून ठिकठिकाणीं रक्ताच्या गुठळ्या होतात व त्यांत या चकत्या खर्ची पडतात. म्हणून त्यांची संख्या घटते. पांचवा साक्षीदार अल्ब्युमिन हें रक्तांतील मुख्य प्रथिन. तें १०० मिलिलिटरांस साडेतीन ते पांच ग्रॅम असावयास पाहिजे. दाह चढला म्हणजे तें सैलावलेल्या रक्तवाहिन्यांतून बाहेर पाझरतें व यकृतहि तें कमी बनवूं लागतें. खड्यानें नळी बंद होऊन ताप आलेल्या रोग्यांचीं जीं निरीक्षणें जपानांत प्रसिद्ध झालीं आहेत, त्यांत घटलेल्या प्लेटलेट व उतरलेलें अल्ब्युमिन हीं येऊं घातलेल्या शॉकचीं चिन्हें म्हणून पुढें आलेलीं आहेत. या दोन्ही परीक्षा तालुक्याच्या गांवींहि होण्यासारख्या आहेत.

सहावा साक्षीदार वर उल्लेखिलेलें लॅक्टेट. दह्यास आंबटपणा आणणारें तें लॅक्टिक आम्ल हेंच. पेशींस प्राणवायु कमी पडला किंवा त्यांच्यावर अतोनात ताण पडला म्हणजे त्या साखरेचें अर्धवट ज्वलन करून हें आम्ल सोडतात. जर्मनींतील वुर्झबर्ग येथील वैद्य योहान योसेफ शेरर यांनीं १८४३ सालीं बाळंतज्वरानें मृत झालेल्या स्त्रियांच्या रक्तांत तें प्रथम दाखवून दिलें. जंतूंमुळें रोग होतात हा सिद्धांत तेव्हां प्रस्थापितहि झाला नव्हता. तरी सेप्सिसचें एक खरें चिन्ह त्यांच्या हातीं लागलें होतें. आज तीच परीक्षा रोग्याच्या उशापाशीं कांहीं मिनिटांत करतां येते.

सातवा साक्षीदार सर्वांत विश्वासू, पण सर्वांत उशिरा येणारा. रक्त पोषक द्रवांत ठेवून त्यांत जंतु वाढतात काय हें पाहणें, म्हणजे ब्लड कल्चर. कोणता जंतु व त्यावर कोणतें औषध चालेल हें यावरून निश्चित कळतें. पण त्यास बहुधा एक ते तीन दिवस लागतात, आणि शॉक तर कांहीं तासांत येतो. म्हणून औषध देण्यापूर्वीं रक्त घेऊन ठेवावें, परंतु निकालासाठीं थांबूं नये, असा नियम आहे.

मूत्राच्या परीक्षेविषयीं येथेंच एक सूचना करणें इष्ट आहे. खड्यानें नळी पूर्ण बंद झाली असेल, तर त्या बाजूचें नासलेलें मूत्र मूत्राशयांत उतरतच नाहीं. परीक्षेस जातें तें दुसऱ्या, निरोगी मूत्रपिंडाचें स्वच्छ मूत्र. तेव्हां 'लघवीची तपासणी चांगली आली' एवढ्यानें निर्धास्त होणें धोक्याचें आहे.

आतां हे साक्षीदार कितपत खरे बोलतात, हें आपण थोड्या गणितानें पाहूं. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतलेले आहेत. समजा, खडा व ताप असलेले १०० रोगी आले आणि त्यांपैकीं २० पुढें शॉकमध्यें जाणार आहेत. एक परीक्षा अशी आहे कीं, ती या २० पैकीं १६ जणांस ओळखते. परंतु उरलेल्या ८० निर्धोक रोग्यांपैकीं १२ जणांसहि चुकून 'धोका' असें सांगते. आतां 'धोका' अशी चिठ्ठी किती जणांच्या हातीं पडली? १६ अधिक १२, म्हणजे २८ जणांच्या. त्यांत खरोखर धोका असलेले १६, म्हणजे शेंकडा ५७. याउलट 'धोका नाहीं' अशी चिठ्ठी मिळालेले ७२. त्यांतहि ४ जण शॉकमध्यें जाणारच, म्हणजे दर अठरांत एक. परीक्षा चांगली असूनहि तिच्यावर सर्वस्वीं विसंबणाऱ्याचा घात होतो तो असा. यास्तव वैद्य एकाच साक्षीवर निकाल देत नाहींत. प्लेटलेट, अल्ब्युमिन, प्रोकॅल्सिटोनिन व लॅक्टेट यांच्या जोडीस ते रोग्याचें वय, मधुमेह, नाडी, श्वास, रक्तदाब व शुद्धि हीं सर्व पाहतात; आणि कांहीं तासांनीं परीक्षा पुनः करून आंकडा चढतो आहे कीं उतरतो आहे, याकडे लक्ष देतात. एका आंकड्यापेक्षां त्याचा ओघ अधिक बोलका असतो.

भाकीत झालें, पुढें उपाय काय? वाट मोकळी करणें हा मुख्य उपाय होय. तुंबलेल्या मूत्रपिंडांत प्रतिजैविकें नीट पोंचत नाहींत. म्हणून केवळ सुया टोंचून भागत नाहीं. मूत्राशयाच्या मार्गानें दुर्बीण घालून नळींत एक बारीक लवचीक नळी बसवितात, किंवा पाठीवरून सुईनें थेट मूत्रपिंडांत नळी घालून पू व मूत्र बाहेर काढतात. खडा त्या वेळीं काढीत नाहींत. ताप पूर्ण उतरल्यावर मागाहून त्याचा समाचार घेतात. या उपायाचें महत्त्व एका आंकड्यानें कळून येईल. नळींतील खडा व सेप्सिस असलेल्या अमेरिकेंतील रोग्यांची पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत वाट मोकळी केलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ८.८ दगावले, तर ज्यांची वाट मोकळी केली नाहीं त्यांपैकीं शेंकडा १९.२ दगावले. म्हणजे मृत्यूचें प्रमाण दुपटीहून अधिक. याबरोबरच, शॉकची शंका येतांच पहिल्या तासाभरांत प्रतिजैविक द्यावें, असाहि तज्ज्ञांचा आग्रह आहे. रक्ताचे निकाल कसेहि असोत, बंद नळी व ताप हीं दोन एकत्र आलीं कीं वाट मोकळी करण्यास विलंब करावयाचा नाहीं. ही शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं, हें रक्ताची परीक्षा ठरवीत नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर रोग्यावर किती कडक पहारा ठेवावा, हें ती सांगते.

आतां पालकांस चार शब्द. आम्हांस असें दिसतें कीं, आपल्या घरांत दुखण्याची किंमत वेदनेवरून करण्याची रीत आहे. कळ थांबली कीं रोगी बरा झाला, असें आपण समजतों. मुतखड्याच्या बाबतींत हें माप फसवें आहे. खडा असलेल्या मनुष्यास थंडी भरून ताप येणें, लघवी फार कमी होणें, श्वास व नाडी जलद चालणें, हातपाय गार पडणें, बोलण्यांत भ्रम होणें, यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें तर सकाळची वाट न पाहतां, रात्र असली तरी, ज्या रुग्णालयांत सोनोग्राफी व शस्त्रवैद्य आहेत तेथें त्यास न्यावें. वेदनाशामक गोळी देऊन, ताप उतरतो काय हें पाहत बसूं नये. वृद्ध माणसांस, मधुमेह असलेल्यांस, गर्भवती स्त्रियांस व एकच मूत्रपिंड असलेल्यांस हा धोका अधिक. वृद्धांत तर ताप न येतां अंग उलट थंड पडतें व आजी-आजोबा नुसते 'सुस्त पडले आहेत' असें घरच्यांस वाटतें. घरांतील स्त्रिया आपलें दुखणें सर्वांची जेवणें होईपर्यंत सांगत नाहींत, हेंहि आम्ही पाहत आलों आहों. या आजारांत तेवढा विलंबहि महाग पडतो.

विद्यार्थ्यांनीं करण्यासारखी गोष्ट सोपी आहे. शाळेंत पाणी न पितां दिवस काढूं नये व लघवी दाबून धरूं नये. प्रौढ मनुष्यास खडा पुनः होऊं नये म्हणून दिवसाकाठीं सुमारें अडीच लिटर लघवी होईल इतकें पाणी त्यानें प्यावें, असें तज्ज्ञ सांगतात. उन्हाळ्यांत घामावाटे पाणी जातें, तेव्हां याहूनहि अधिक प्यावें लागतें. आणि ज्यांस पुढें वैद्यकीचा अभ्यास करावयाचा आहे त्यांनीं वरील गणित पुनः एकदां सोडवून पाहावें. प्रयोगशाळेच्या कागदावरील आंकडा आंधळेपणानें न मानतां आणि तुच्छतेनेंहि न झिडकारतां, त्याची योग्य किंमत करणें ही पुढें त्यांच्या हातीं येणारी मोठी जबाबदारी आहे. तोंपर्यंत, खडा आणि ताप एकत्र दिसले कीं घरांत तसें मोठ्यानें सांगावयाचें व कोणाच्या 'उद्यां पाहूं' ला भीक घालावयाची नाहीं, एवढें जरी आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवलें, तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.